तिसरा आकडा

मंगळवार, नारळी पौर्णिमेचा आदला दिवस. हजर: काउंटरवर मी, मेकॅनिक रऊफ, आणि जीप न्यायला आलेले एक आंबा बागायतदार साहेब, आमचे जुने गिऱ्हाईक. गैरहजर: गॅरेजचे मालक. ते लग्नाला देवरूखला गेले होते.

बिल मी लिहिते. बरीच वर्षं मीच लिहिते. रत्नागिरीत गिऱ्हाईक क्लचप्लेटच्या किमतीत घासाघीस करत नाही, कारण ती छापील असते. घासाघीस मजुरीत. म्हणून मी मजुरी आधीच फुगवून लिहायचे, बिलात सगळ्यात खाली. कापायला सोपी. रऊफला पगार नाही, कापून उरलेल्या मजुरीत निम्मा वाटा. ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, रऊफलाही. सोयीची होती. माझ्या सोयीची.

साहेबांनी बिल पाहिलं. "मॅडम, मजुरी एवढी?"

मी पेन उचललं.

"कापा. चांगली कापा."

मी कापली, एकाच फटक्यात. आता आकडा खऱ्या मजुरीच्या खाली गेला होता. मला ते कळत होतं. पेन थांबलं नाही.

रऊफ जुनी क्लचप्लेट दाखवायला घेऊन आला. दोन दिवस तो त्या जीपखाली पाठीवर पडून होता. साहेबांनी प्लेटकडे पाहिलंही नाही.

"हातानेच तर केलंस ना रे? मशीन कुठे लागली?" मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "आणि मॅडम, तुम्ही मासळीवालीसारखा पहिला भाव सांगत जाऊ नका. पहिला भाव कोण देतो?"

मी हसले.

हे मला लिहायचंच आहे. मी हसले. माझी आई जन्मभर मिरकरवाड्यात मासळीची टोपली घेऊन बसली. त्या टोपलीवर मी शिकले, बिल लिहिण्याइतकी झाले. रऊफची आई पूर्णगडला अजून बसते. तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. साहेबांकडे नाही, माझ्याकडे.

"कापलात ना ताई? मग झाला," तो म्हणाला. "मी जातो."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने प्लेट काउंटरवर ठेवली, हात फडक्याला पुसले आणि वळला.

आई पहिला भाव चढा सांगायची, खरं आहे. पण भाव पडला तर मासा तिच्याच टोपलीत राहायचा. नाही म्हणायची मुभा तिला होती. रऊफचं काम जीपमध्ये गेलं होतं. ते परत टोपलीत कसं येणार? आणि त्याच्या वतीने "हो" मी म्हणत होते. त्याला न विचारता.

"रऊफ, थांब."

मी बिल फाडलं. नवीन घेतलं. मजुरी सगळ्यात वर लिहिली, जेवढी होते तेवढी. सवलतीच्या रकान्यावर रेघ मारली.

साहेब वाकून बघत होते. "आता वाढवलीत?"

"वाढवली नाही. पहिला आकडा खोटा होता. दुसरा त्याहून खोटा. हा तिसरा खरा आहे."

"म्हणजे इतकी वर्षं फसवत होतात, कबूल करता?"

"हो. तुम्हाला आधी, त्याला नंतर. मजुरी म्हणजे सांगायचा भाव, हे तुम्हाला मीच शिकवलं."

"माझ्या सगळ्या गाड्या चिपळूणला जातील."

"जाऊ देत. आणि साहेब, मी मासळीवालीचीच मुलगी आहे."

  साहेबांनी पूर्ण पैसे मोजले, चावी उचलली आणि निघाले.

रऊफ दारातच होता. त्याने आभार मानले नाहीत. मानायचं काही नव्हतंच.

"ताई, एक गिऱ्हाईक गेला."

"गेला."

"आणि आधीची बिलं? त्यांचा काय?"

 तो हिशोब अजून फिटलेला नाही. कापताना मी कधी विचारलं नव्हतं, तेव्हा आता माफी मागून मोकळी होणार नाही.

एवढं ठरलं आहे. मजुरी कापणारं पेन यापुढे माझ्या हातात नसेल. कामाकामाची मजुरी रऊफने सांगायची, मी फलकावर लिहायची, फलक रस्त्यावरून वाचता येईल असा लावायचा. मालकांनी काप म्हटलं तर काउंटर सोडेन. कापणार नाही.

फलक रंगवून वाळलाय. खिळे ठोकलेत. मालकांना सांगणं बाकी आहे.