मागचं इंजिन

कर्जतचे नाना वैद्य चालता चालता नाडी बघत. एका जागी बसणं त्यांना जमतच नसे. रोग्याचं मनगट हातात आलं की ते निघालेच. ओट्यावरून अंगणात, अंगणातून नदीच्या वाटेला. ज्याला चालवत नसे त्याला घरची माणसं बाजेसकट उचलत आणि नाना मनगट धरून बाजूने चालत. तापाने फणफणलेला एक म्हातारा असाच पार नदीपर्यंत जाऊन आला आणि परतेपर्यंत त्याचा ताप उतरला. नानांनी श्रेय काढ्याला दिलं. काढा ओट्यावरच राहिला होता.

त्यांच्या मागे सतत राधाकाकू, म्हणजे त्यांची बायको. पुडी बांधता बांधता नाना अंगणातलं मांजर बघायला उठले की काकू एवढंच म्हणे, "मग, पुढं?" आणि नाना पुडीकडे वळत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत वडील मला त्यांच्याकडे घेऊन गेले. मी सातवीत होते आणि गणित अर्धवट टाकून वर्गाच्या खिडकीतून बाहेर उतरत असे.

"वैद्यबुवा, पोर येका जागी बसत नाय," वडील म्हणाले. "आवंदा सातवीची फायनल परीक्षा हाय. तुमचं औषध लागलं तर बरं, नायतर शाळा बंद नि लगीन लावून देतो."

मला लग्न नको होतं, फायनल पास होऊन मास्तरीण व्हायचं होतं. मी भोकाड पसरलं.

नानांनी माझं मनगट धरलं आणि आम्ही निघालो. वाटेत मुंग्यांची रांग बघायला मी थांबले, नानाही थांबले. वडील आमच्याकडे आळीपाळीने बघू लागले. स्टेशनाशी आलो तेव्हा पुण्याच्या गाडीला मागून इंजिन लावत होते.

"ते बघ," नाना वडिलांना म्हणाले. "गाडीत खोट आहे का? पुढं घाट आहे, म्हणून मागून जोर लावतात. पोरीला रोग नाही रे, तिच्यापुढं घाट आहे. मागं माणूस बसव."

"पर औषध कंचं?"

"आमची ही. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी."

अशी मला राधाकाकू सुरू झाली. ती माझ्या पाठीशी बसून वाल सोलायची. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी भिंतीवरच्या पालीत गुंतले की मागून येई, "मग, पुढं?" आणि माझं त्रैराशिक पुढे सरके. तेवढ्या वेळात नानांच्या मागे मात्र कुणी नसे. पडसं झालेल्या एका सोनाराला त्यांनी नाडी बघत थेट चौक गावापर्यंत नेलं. तो बैलगाडीने परत आला आणि पुन्हा कधी शिंक आली तरी नानांना सांगेना.

परीक्षेच्या दिवशी काकू वालाची परडी आणि पितळी घेऊन शाळेच्या खिडकीखाली बसली. परीक्षक चिडले. "ही बाई इथं कशाला?"

"मुलीचं औषध आहे," काकूबरोबर आलेले नाना म्हणाले. "वर्गात आणलेलं नाही, बाहेर ठेवलंय."

परीक्षकांना यावर नियम सापडेना. काकू तोंडातून शब्द काढणार नाही, या अटीवर त्यांनी तिला बसू दिलं. सोललेले वाल पितळीत टपटप पडत होते आणि मी लिहीत होते. मी पास झाले. यथावकाश खालापूरकडच्या एका शाळेत मास्तरीणही झाले.

काकू गेली आणि नाना ओट्यावर बसले. सकाळी बसत ते दिवेलागणीपर्यंत तिथेच. लोक कौतुकाने म्हणू लागले, "वैद्यबुवा सुदारले रं! बसतात आता." मला ते ऐकवेना. सुट्टीच्या दिवशी भिजवलेल्या वालाची परडी घेऊन मी गेले आणि त्यांच्या पाठीशी बसून सोलू लागले. पितळीत वाल पडू लागले तसे नानांचे खांदे हलले. ते रडत होते.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "मग, पुढं?"

"घाटमाथ्यावर मागचं इंजिन काढून घेतात गं," ते म्हणाले.

"पण गाडी तिथं थांबत नाही, नाना. पुण्याला जाते."

ते मागे वळले. मग उठले, माझं मनगट धरलं आणि चालू लागले. नदी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, वालाची परडी ओट्यावरच राहिली होती.