उष्ण कटिबंधातले इंगळे सर

एका खोलीत रोज चहा पिणारे सात मास्तर असले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात आणि मग पोटात राहत नाहीत. महाराष्ट्र नवानवा झाला होता तेव्हा मी जानेफळच्या शाळेत गणित शिकवायचो. आमच्या स्टाफरूमचे निम्मे किस्से एकट्या इंगळे सरांचे. ते भूगोलाचे! माणूस सोन्यासारखा, पण खोड एकच. कुठलीही वस्तू हाती आली की ते तिला थेट विषुववृत्तावरच्या घनदाट जंगलात नेऊन सोडत. "आपण राहतो इथं, पण जगतो त्या जंगलावर!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतः सरांनी सातपुड्यापलीकडचं जंगल पाहिलेलं नव्हतं.

*

ही जंगलं उष्ण कटिबंधात असतात, असं सरांनी एकदा वर्गात शिकवलं. दुसऱ्याच दिवशी एका विद्यार्थ्याचे आजोबा कमरेवर हात ठेवून शाळेत हजर!

"मास्तर, तुमच्यापाशी गरम कटिबंध हाये म्हणते. दोन दिवस माह्या कंबरेले द्या ना!"

सरांनी त्यांना नकाशापुढं उभं करून अर्धा तास विषुववृत्त समजावलं. जाताना आजोबा म्हणाले, "आलो तवा नुसती कंबर दुखत होती. आता डोक्सं बी दुखून राह्यलं!"

*

सरांची सायकल पंक्चर झाली. दुकानात बबनभाऊंनी ट्यूब काढली, तर सरांनी ती हातात घेऊन रबराचं झाड सुरू केलं. सालीला चीर पाडतात, मग चीक थेंब थेंब गळतो, वगैरे. बबनभाऊंनी पाचेक मिनिटं ऐकून घेतलं.

"सर, झाडाले टोचलं तं चीक येते, ट्यूबले टोचलं तं हवा जाते. आता सरका, मले सोल्युशन लावू द्या!"

*

एकदा एकादशीला हेडमास्तरांनी डब्यातून साबुदाण्याची उसळ आणली. पहिला घास तोंडाशी नेतात तोच सर म्हणाले, "साबुदाणा ज्याचा करतात, तो कंद मूळचा परदेशातल्या जंगलातला बरं का!"

हेडमास्तरांचा हात थांबला. उपास कडक.

"जंगलातला कंद?"

"हो सर."

"म्हणजे कंदमूळच! ऋषिमुनी दुसरं काय खात होते? वाढा अजून!"

*

हसायचं ते हसलो, पण सरांच्या लग्नाची आम्हाला खरीच काळजी होती. वय तिशीला टेकलेलं, आईचा जीव टांगणीला. तीन ठिकाणांहून नकार आलेला. चिखलीला तर विड्यातल्या लवंगेवर त्यांनी एवढं भाषण दिलं की मुलीचे वडील मध्येच उठून गेले!

म्हणून संग्रामपूरला मुलगी बघायला निघताना मी सोबत गेलो. एस.टी.त सरांकडून वचन घेतलं : जंगल काढायचं नाही. काढलं तर मी चिमटा घेणार.

सर बिचारे दगडासारखे बसले. मुलीनं, नलिनीनं, कॉफी आणली. वरून जायफळ किसलेलं. वास आला आणि सर कपाकडे टक लावून बघायला लागले. कपाळावर घाम. ओठ हलले. मी चिमटा घेतला.

मुलीच्या वडिलांनी पीकपाणी विचारलं. सर गप्प. घरी कोण कोण विचारलं. सर गप्प! शेवटी ते माझ्याकडे वळले, "पोरगा बोलून काऊन नाही राह्यला? मुका गिका हाये का?"

मला वाटलं, चौथंही गेलं.

वडील उठायच्या बेतात असताना मुलीचे मामा म्हणाले, "नले, तुले काही पुसाचं असन तं पूस."

नलिनीनं मान वर केली. "तुम्ही कुठचे?"

सरांची नजर कपातच होती. दचकून म्हणाले, "जायफळ!"

मी डोळे मिटून घेतले.

नलिनी जराही हसली नाही. म्हणाली, "जायफळ कुठचं, ते लग्न झाल्यावर सांगजा. आता गावाचं नाव सांगा!"