जास्वंदीला जाळी

पस्तिशीत मी स्वतःला फार हुशार समजत असे. ती बाई आज भेटली, तर आधी तिचा कान पिळीन.

डोंबिवलीतल्या आमच्या बैठ्या घराला चिमूटभर बाग होती, त्यात एक जास्वंद. शेजारच्या मैत्रिणीच्या आणि आमच्या अंगणामध्ये कमरेएवढी विटांची भिंत. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून मी गणपतीला रोज पाच जास्वंदी वाहायचा नेम धरला, आणि नेमकी तेव्हापासून फुलं उजाडायच्या आत गायब! देवासाठी चोरलेल्या फुलाचं पाप लागत नाही, ही आमच्या गल्लीची श्रद्धा. मैत्रीण माझ्याकडे चहा पिता पिता म्हणायची, "हात झडोत मेल्याचे!"

शेवटी भिंतीवर जाळी लावायची ठरवली. हार्डवेअरवाल्याने बजावलं, "ताई, भोक विटेत पाडा. दोन विटांच्या सांध्यातला सिमेंटचा माल भुसभुशीत, स्क्रू धरत नाही."

घरी मैत्रिणीने जाळी अडकवायचा लोखंडी अँगल भिंतीवर धरला, मी ड्रिल.

"अगं वेडे, वीट फुटेल. सांध्यात पाड, लोण्यासारखं जातं."

गेलं की लोण्यासारखं. मला वाटलं, काय हा माझा हात! भोकांत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, त्यांत स्क्रू पिळले, जाळी ताणली, आणि दोघींनी मिळून भजी खाल्ली.

आठ दिवसांत फुलं पुन्हा जायला लागली. मी उंदरांवर संशय घेतला. देठ नखाने खुडून नेणारे उंदीर! धन्य ती अक्कल.

मग एका सकाळी लवकर दार उघडलं. मैत्रिणीने शेवटचा अँगल गिट्टीसकट अलगद ओढून काढला होता, जाळी वाकवली होती, आणि परडीत माझी फुलं. काम झाल्यावर तिने तो अँगल परत जागेवर बसवला, अगदी सफाईने. रोजचा सराव. मी दार लोटून घेतलं. फुलांचं जाऊ दे. पण तो चहा, ती भजी, ते "अगं वेडे"?

दुपारी तिलाच हाक मारली. "ये गं, जरा अँगल धर. सगळे नव्याने बसवायचेत, विटेत."

ती आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुटेल हो वीट."

"फुटू दे."

एकही फुटली नाही. शेवटचा स्क्रू बसेपर्यंत तिने अँगल धरून ठेवला, मग पदराला हात पुसले आणि चहा न घेता घरी गेली. मीही थांब म्हटलं नाही.