अकरा सोमवारांचे अंगठे

कुणी खोटारडं म्हटलं की निशिगंधा उतेकरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पोलादपूरच्या एसटी स्टँडमागे तिचं झेरॉक्सचं दुकान होतं. शुक्रवारी तिथेच तहसील कचेरीतून निरोप आला: डोंगराचे फोटो बनावट आहेत, पाहणी होणार नाही.

बनावट! तिच्या सासरच्या वाडीमागे डोंगराला भेग पडली होती, खाली बावीस घरं, आणि पाऊस तीन आठवड्यांवर. सासू ठमाबाई दर सोमवारी भेगेत बोटं घालून रुंदी मोजायची, निशिगंधा फोटो काढायची. पहिल्या सोमवारी चार बोटं होती. अकराव्या सोमवारी वीत भरून वर दोन.

फोटो कधीचा, कुणी बदलला का, असं उद्या कुणीही विचारील, हे तिला अर्ज भरून भरून ठाऊक होतं. म्हणून दुकानातल्या जुन्या लिनक्सच्या लॅपटॉपवर, काळ्या पडद्यात, तिने पहिल्याच आठवड्यात हॅशडीप नावाचं पॅकेज बसवलं होतं. पहिल्यांदा त्याने परवानगी नाही म्हणून हाकललं. "इथंपण सरकारच बसलंय," म्हणत तिने पुढे मालकाचा हक्क सांगणारं sudo लावून पुन्हा टाइप केलं: sudo apt install hashdeep. मग बसलं. हे हॅशडीप प्रत्येक फोटोचा जणू अंगठा घेतं, आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ. फोटोतला एक ठिपका हलला तरी ओळ बदलते. ही ओळ आणि त्या दिवशीचं माप छापून ती दर सोमवारी कचेरीत द्यायची.

"वहिनी, ही कसली गिचमीड?" आवक टेबलावरचा रावजी हसायचा.

"तुम्ही शिक्का मारा."

फोटो मात्र मुंबईहून कचेरीला जायचे. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचा सचिव म्हणजे तिचा दीर हर्षद. पूजा असो, क्रिकेट असो, मयत असो, मंडळाचं नाव टाकल्याशिवाय वाडीचा फोटो बाहेर जात नसे. भेगेच्या फोटोंनाही त्याने झेंडूची चौकट लावली होती. खाली लिहिलं होतं, 'शुभेच्छुक: हर्षद उतेकर'.

"डोंगराला शुभेच्छा देतोस होय रे?" ती फोनवर कडाडली.

"वहिनी, मंडळाचं नाव नको काय?"

तिने फोन आपटला. पण हर्षद अडाणी निघाला म्हणून बावीस घरांनी मरायचं? सोमवारी लॅपटॉप पिशवीत घालून ती थेट साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"आधी हर्षदने पाठवलेले तपासते," म्हणत तिने आपल्या अंगठ्यांच्या यादीशी ते ताडून पाहिले. पडद्यावर आलं, ऑडिट फेल्ड, म्हणजे जुळत नाही.

"बघा, तुमचंच मशीन सांगतंय," साहेब हसले.

"चौकट लावली म्हणून बदलले ते. आता माझ्या कॅमेऱ्यातले मूळ फोटो." तिने तोच हुकूम पुन्हा दिला. ऑडिट पास्ड. मग शिक्का मारलेले कागद मागवून तिने रावजीला एकेक ओळ वाचायला लावली. अक्षरन् अक्षर जुळलं. आता रावजी हसत नव्हता.

साहेब खाकरले. "बरं. फोटो खरे आहेत असं धरून चालू."

"धरून कशाला चालता? शिक्के बघा." तिने कागद पुढे सरकवले. "चार बोटं होती तेव्हापासून कागद तुमच्या कपाटात आहेत. अकरा सोमवार! उद्या वाडी गाडली गेली तर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला तुम्हाला तोंड राहिलेलं नाही."

साहेबांनी कागद उलटून एकेका शिक्क्याची तारीख पाहिली. मग साहेबांनी गाडी काढायला सांगितली.

दुपारी ते वाडीवर चढून आले तेव्हा ठमाबाई भेगेपाशीच बसली होती. तिने फोटोचं काही विचारलं नाही. साहेबांचा हात मनगटाला धरून भेगेवर ठेवला.

"मोजा. तुमच्या हातानं मोजा, म्हंजे खोटं नाय वाटायचं."

साहेबांची वीत पुरली नाही.