मशीनवरचं कुंकू

परवा माझ्या जावेच्या नातीनं फोनवरून चपला मागवल्या. डबा आला तर दोन्ही चपला डाव्या पायाच्या. चार दिवस पोरगी फोनवर बोटं आपटत होती, तिकडून कोणी बोलेना. मला म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी हे नव्हतं तेच बरं होतं." मी म्हटलं, बस इथं, सांगते तुला. ती काही बसली नाही, चार्जर शोधायला गेली. म्हणून आता लिहूनच ठेवते.

आमच्या वेळी व्ही.पी. होतं. मासिकात जाहिरात यायची, तिच्याखाली एक चौकोन छापलेला असायचा. तो कात्रीनं कापायचा, त्यात नाव-गाव लिहायचं आणि पाकिटात घालून पाठवायचा. पंधरा-वीस दिवसांनी पोस्टात डबा येई. पैसे भरल्याशिवाय डबा हातात मिळत नसे आणि हातात आल्याशिवाय उघडता येत नसे. म्हणजे आत काय आहे ते पैसे देऊन झाल्यावर कळायचं. तुमचं वेगळं काय आहे, सांगा.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची, आदिलाबादकडच्या बेला गावाची. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. आमच्या घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि पोस्टमास्तर हिंदीत बोलायचे. आमचे हे भाजीचा धंदा करायचे. मळ्यातली भाजी सायकलीला बांधून बाजारोबाजारी न्यायचे. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांना ताप आला. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी ते नव्हते. मी रडले नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या, ते मला दिसत होतं. पण रडू आलंच नाही, त्याला मी काय करू?

तेरवी झाली तसा माझा मोठा भाऊ ओसरीवर बसून म्हणाला, "दिवाळी झाली का तुले घ्यायले येतो. लेकरू ना बाळ, एकटी काय करशीन इथं? घराले कुलूप लावू."

दादाचं घर वाईट नव्हतं. वहिनीही चांगली. पण तिथली माझी निजायची जागा मला आधीपासून ठाऊक होती. स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कोठीला लागून. आमची आत्या विधवा होऊन आली ती तिथंच निजली आणि तिथंच म्हातारी झाली. तिला कोणी कधी वाकडं बोललं नाही. तिला कोणी काही विचारलंही नाही. मी "हो" म्हटलं नाही आणि "नाही"ही म्हटलं नाही. दादानं ते "हो"च धरलं.

मग ती जाहिरात. शाळेचे हेडमास्तर यांच्या ओळखीचे, मासिक वाचून झालं की आमच्याकडे पाठवायचे. मी तिसरीत शाळा सोडलेली, पण वाचायचं मात्र सोडलं नाही. पुडीचा कागदसुद्धा वाचायची. त्या मासिकात दिल्लीच्या एका कंपनीचं विणकामाचं मशीन होतं. घरबसल्या स्वेटर विणा. हेडमास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, थंडीत पोरं शाळेत कुडकुडत बसतात. तुम्ही विणत असाल तर शाळेचे स्वेटर तुमच्याकडूनच घेऊ." आमच्या भागात थंडी किती पडते ते बाहेरच्यांना खरं वाटत नाही. मी चांदीचे गोट मोडले आणि चौकोन कापला.

डबा आला दसऱ्याच्या आधी आठ दिवस. आता इथं चूक झाली, आणि ती आमच्यासारख्या माणसांकडूनच होऊ शकते. आमच्याकडे नवं अवजार दसऱ्याच्या तोंडावर घरात आलं तर पूजेआधी त्याला कोणी हात लावत नाही. नांगर असो, सायकल असो. त्यात मी अशी. माझी थोरली जाऊ बाजूच्याच घरात राहायची. जाऊबाई म्हणाल्या, "वर्षाचा सण नाई आपल्या घरी, पण अवजाराले सुतक नसते. मी करतो पूजा. तू नको उघडू."

मी नाही उघडला. आठ दिवस डबा खुंटीखाली बसून होता. वर खुंटीला यांचा तराजू टांगलेला. दर दसऱ्याला त्या तराजूला झेंडू लागायचा.

दसऱ्याला जाऊबाईंनी डबा फोडला, मशीन पाटावर मांडलं. हातभर लांबीची लोखंडी पट्टी, तिच्यात ओळीनं सुया, आणि त्या सुयांवरून इकडून तिकडे सरकवायचा इस्त्रीएवढा एक डबा. जाऊबाईंनी पट्टीवर पाच ठिकाणी हळदीकुंकू लावलं, सरकत्या डब्यावर पाच ठिकाणी लावलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. मी दारात उभी राहून बघत होते. मग त्या सरकल्या आणि मी बसले. सरकता डबा पट्टीवर ठेवला, ढकलला. तो हलेना. तो त्या पट्टीचा नव्हताच, दुसऱ्याच कुठल्या मोठ्या मशीनचा होता. चार बोटं रुंद जास्त.

"दाबून पाह्य ना," जाऊबाई म्हणाल्या.

"दाबून काय, चुलीवर ठेवला तरी नाई बसत तो."

खोक्यात तळाशी इंग्रजी चिठ्ठी होती. हेडमास्तरांनी वाचली. तक्रार पार्सल मिळाल्यापासून सात दिवसांत करावी. तो नववा दिवस होता.

पहिलं पत्र मी मराठीत लिहिलं. दुसरं हिंदीत, पोस्टमास्तरांना विचारून विचारून. दोन्हींचं काही उत्तर नाही. तिसरं हेडमास्तरांनी इंग्रजीत लिहिलं आणि म्हणाले, "आता रजिस्टर करा, पोचपावतीसह." पंधरा दिवसांनी पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर निळ्या शाईत एक वेटोळं होतं, म्हणजे सही. उत्तर नाही, पण सही आहे. मी आणखी एक पाठवलं. पुन्हा तेच वेटोळं. मला ते ओळखू यायला लागलं. पहिल्यात शेपटी लांब होती, दुसऱ्यात घाईत केलेली. तिकडे कोणीतरी माणूस आहे, माझं पाकीट हातात घेतो, सही करतो आणि बाजूला ठेवतो, एवढं तर नक्की झालं.

जाऊबाई कार्ड बघून म्हणायच्या, "मुडदा बशिवला त्या कंपनीचा. आन् तुले राग काऊन येत नाई वं?"

"येईन कधी तरी," मी म्हणायची. खरंच येत नव्हता. पत्र लिहायचं म्हणजे मला अंगण झाडण्यासारखं झालं होतं. सकाळ झाली की झाडायचं.

दिवाळीनंतर दादा आला. बरोबर वळकटीला बांधायची दोरी घेऊनच आला. मी म्हटलं, "कंपनीचं उत्तर यायचं हाये. ते या पत्त्यावर येईन. मी नसली तं परत जाईन."

दादा म्हणाला, "पोस्टमन तिकडं नाई का?"

"पण पत्ता इकडचा लेहून बसली ना मी."

त्यानं दोरी पुन्हा पिशवीत घातली. मग "सक्रांतीले येतो" म्हणून गेला.

हेडमास्तरांनी सुचवलं, चुकीचा तुकडाच परत पाठवून द्या, म्हणजे त्यांना दिसेल. मी सरकता डबा फडक्यात बांधायला घेतला. त्यावर हळदीकुंकू वाळून बसलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "पुसजो नको. दसऱ्याचं हाये." त्यांनी सांगितलं म्हणून नाही, पण मी पुसलं नाही. पाच महिन्यांपूर्वी याच अंगणात माझ्या कपाळाचं पुसलं होतं. लोखंडाचं पुसायला हात उचलला नाही. तसंच बांधलं, तसंच पाठवलं.

आणि मग उत्तर आलं. इतक्या पत्रांनंतर पहिलं. एक छापील कागद, त्यावर दोन ओळी हातानं लिहिलेल्या. हेडमास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. माल वापरलेला आहे, त्यावर रंगाचे डाग आहेत, वापरलेला माल बदलून मिळत नाही. बरं, तो चुकीचा तुकडाही त्यांनी परत पाठवला नाही. आता माझ्याकडे सुयांची पट्टी तेवढी उरली.

जाऊबाईंना मी हे सांगितलंच नाही. त्यांना म्हटलं, अजून उत्तर नाही. पण हेडमास्तरांच्या बायकोकडून त्यांना कळलं. दोन दिवस त्या आमच्या घराकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेपूची जुडी घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "माह्यामुळं झालं," म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुमी कुंकू नसतं लावलं तं त्याईनं नारळाच्या पाण्याचं निमित्त काढलं असतं. बसा."

त्या बसल्या. आम्ही शेपू निवडली.

हेडमास्तरांनीच सांगितलं की आदिलाबादला ग्राहकांचं नवं कोर्ट निघालं आहे, वकील लागत नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो. अर्ज त्यांनी इंग्रजीत लिहून दिला, खाली मी मराठीत सही केली. पोचपावत्या टाचणीनं जोडल्या, तोवर चार झालेली वेटोळी एकाखाली एक. पोस्टमास्तरांनी पार्सलच्या पावतीची नक्कल काढून दिली.

तोवर संक्रांत आली आणि दादा आला. "चल आता."

"तारीख लागली."

"कायची तारीख?"

"कोर्टाची."

दादानं चहाची बशी खाली ठेवली. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी कोणी चढलं नव्हतं, आणि चढली कोण, तर मी. तो म्हणाला, "कोणाशी भांडून राह्यली तू?"

"दिल्लीशी."

त्याला हसू आलं, मला नाही आलं. पण तो गेला, मला न घेता.

किती तारखा झाल्या ते आता आठवत नाही. सकाळच्या बसनं जायचं, बाकावर बसायचं. शिपाई व्हरांड्यात येऊन आधी माझं नाव पुकारायचा, मग कंपनीचं. कंपनीचं तीनदा. दर वेळी मी दाराकडे बघायची, जसं काही दिल्लीहून कोणी चप्पल काढून आत येणार आहे. कोणी येत नसे. पुढची तारीख. घरी आले की जाऊबाई विचारायच्या, "आला का मुडदा?" मी म्हणायची, "नाई आला." मग भाकर खायची. त्या हिवाळ्यात शाळेनं दुसरीकडून स्वेटर घेतले. हेडमास्तर मान खाली घालून सांगायला आले, मी त्यांना चहा दिला. दुसऱ्या वर्षी थोरल्या दिरांनी मळ्याचा एक तुकडा मला भाजीला सोडला, मी यांचा तराजू खुंटीवरून काढला आणि बाजारात बसायला लागले. ते असं ठरवून नाही झालं. तारखांच्या मधले दिवस रिकामे होते म्हणून झालं.

दादा दर सणाला यायचा आणि विचारायचा, "पुढची कवा हाये?" मी सांगायची. हळूहळू तो दोरी आणायचा बंद झाला.

शेवटच्या तारखेला मी पट्टी घेऊन गेले. यांच्या धोतरात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर. कोर्टाच्या साहेबांनी कंपनीचा कागद वाचला, मग हिंदीत विचारलं, "इस्तेमाल किया था?" मी धोतर सोडलं आणि पट्टी टेबलावर ठेवली. पाच ठिकाणी हळदीकुंकू, दोन वर्षांचं, काळं पडलेलं. सुयांमध्ये एक धागा नाही. त्यांनी बोट लावलं नाही, नुसते वाकून बघत राहिले. "ये तो पूजा का है," म्हणाले, आणि शेजारी लिहिणाऱ्याला तेलुगूत काही सांगितलं. ते मला नीट कळलं नाही. बाहेर शिपायानं सांगितलं, "अम्मा, आपका हो गया. नया पुर्जा देंगे." मी विचारलं, "म्हणजे आता तारीख नाही?" तो म्हणाला, नाही. मी बसस्टँडवर येऊन दोन बसा सोडल्या. कशाला ते माहीत नाही.

पुर्जा त्यानंतरही पाच महिन्यांनी आला. पोस्टमास्तरांनी माझ्याकडून तो तिथंच, काउंटरवर उघडवून घेतला. घरी जाऊबाई ताट घेऊन उभ्याच होत्या. मी म्हटलं, "आधी सरकू द्या." ढकलला. सुयांवरून आवाज करत या टोकाहून त्या टोकाला गेला. मग म्हटलं, "लावा आता." त्यांनी लावलं, पण मागच्या बाजूला, दिसणार नाही असं.

दिवाळीला दादा आला तेव्हा मशीनवर वीतभर विणलेलं लटकत होतं. त्यानं ते पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, तिथं तराजू नव्हता, दाराशी भाजीच्या टोपलीत होता. पाणी प्यायला. मग विचारलं, "पेशी कवा हाये?"

"संपली."

"मंग?"

मी टेप घेतली. "मंग काय, उभा राह्य. माप घेऊ दे."

तो उभा राहिला, हात वर करून, लहान पोरासारखा. मी छाती मापली, बाही मापली, भिंतीवर खडूनं लिहिलं. तेव्हा मला फार काही वाटलं, असंही नाही. लोकर कमी पडेल का, एवढंच डोक्यात होतं. कमी पडलीच. त्याची डावी बाही दुसऱ्या रंगाची झाली, आणि ती त्यानं बरीच वर्षं घातली.