बियाण्याला ऊन दाखवलं, त्याची गोष्ट

बागकाम हा निरुपद्रवी छंद आहे असं म्हणणाऱ्या माणसाला मी माझ्या घरी जेवायला बोलावत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत राहत होतो. क्वार्टरच्या मागं चार पावलं जागा होती. तिथं बायकोचा एक मोगरा होता, आणि दर पावसाळ्यात मायची सेम चढायची. सेम म्हणजे घेवड्याच्या जातीतली शेंग, पण मायसमोर तिला घेवडा म्हणायची सोय नव्हती. हे बी तिनं लग्नात कुरखेड्याहून पदराच्या गाठीला बांधून आणलं होतं. शेंगा ती अख्ख्या कॉलनीला वाटायची, पण बी कोणाला देत नसे. "शेंग खा न बाई, बी कायले पायजे?" असं बायकांना तोंडावर सांगायची. वाळलेलं बी राखेत घोळवून ती तुंब्यात, म्हणजे वाळक्या पोकळ भोपळ्यात भरायची आणि तुंबा स्वयंपाकघरात खुंटीला टांगायची. माहेरची भांडी फुटली होती, लुगडी विरली होती. तिच्याजवळ तेवढं बी उरलं होतं.

आता माझी अक्कल. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत बागेविषयी एक सदर यायचं. लिहिणारे गृहस्थ पुण्याचे होते (हे मी लक्षात घ्यायला फार उशीर केला). मे महिन्यात त्यांनी लिहिलं, 'उन्हाळा सरत आला की बागेच्या तयारीला लागावे.' त्यांचा उन्हाळा सरत आला होता. आमच्याकडे नवतपा लागायचा होता! नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत कुत्री नाल्यातून बाहेर येत नाहीत आणि शेजारी शेजाऱ्याशी भांडत नाही. पुढं तीन सूचना होत्या. फुलझाडांची निर्दयपणे छाटणी करा. बियाणं स्वच्छ धुऊन त्याला चांगलं ऊन दाखवा. वेलींसाठी मजबूत काठ्या आधीच रोवून ठेवा. मी तो मजकूर कापून डायरीत चिकटवला. माणसानं सल्ला एकदा डिंकानं चिकटवला की तो पाळावाच लागतो, नाहीतर डिंक वाया जातो.

'निर्दयपणे' हा शब्द मला फार आवडला. फॅक्टरीत मला निर्दय व्हायची संधी कधी मिळाली नव्हती, कारण माझ्या हाताखाली कोणीच नव्हतं. मोगरा ऐन बहरात होता. मी कात्री घेतली आणि त्याला गुडघ्याएवढा करून टाकला.

"अवो, हे काय करून ठेवलं?" सुनंदा, म्हणजे बायको, ओरडली. "कळ्यांनी भरला होता तो!"

"छाटणी केली. आता दुप्पट जोमाने फुटेल."

"कोनी सांगतलं?"

"तज्ज्ञांनी."

तिसऱ्या दिवशी मोगऱ्याचा खराटा झाला. सुनंदा शेजारणीकडून गजरा मागून घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात बसून तिनं तो सावकाश माळला. 

शहाणा माणूस इथं थांबला असता. पण त्याच आठवड्यात माय भाच्याच्या लग्नाला कुरखेड्याला गेली. एसटीत चढताना खिडकीतून म्हणाली, "मधू, माह्या तुंब्याले हात नको लावजो. मिरगाले मीच टाकतो ती बी." मी हो म्हणालो आणि शब्दाला जागलो. हात लावला नाही, दोन्ही हातांनी उतरवला!

बियांना राख होती. राख म्हणजे अस्वच्छता, हे सदरात लिहिलं नव्हतं, पण मी ताडलं. बी तीन पाण्यांनी धुतलं, जुना पत्रा स्लॅबवर नेला आणि ओलं बी त्यावर पसरलं. आता ऊन किती दाखवायचं, ते काही लिहिलं नव्हतं. पुण्यात लिहायची गरज पडत नसेल. तिकडे ऊन दाखवतात, आमच्याकडे ऊनच माणसाला बघून घेतं! मी हिशेब केला की नवतपा नऊ दिवसांचा आहे, तर बियाण्याला मधूनच उठवायचं कशाला? पूर्ण नऊ दिवस ठेवलं.

चौथ्या दिवशी शेजारचे निखाडेभाऊ त्यांच्या वाळवणाची चादर काढायला वर आले.

"काय मधुभाऊ, फुटाने भाजून राह्यले का?"

"बीजसंस्कार चालू आहे." (सल्ल्याचा विषय निघाला की माझी भाषा आपोआप पेपरची होते. एरवी मी मले-तुले करणाराच माणूस.)

"तुमच्या मायचं बी होय न ते?"

"हो."

"मायले इचारलं?"

"विचारत बसलं तर विज्ञान पुढे जात नाही!"

निखाडेभाऊंनी चादरीची घडी घातली आणि गुपचूप जिना उतरले.

राहिल्या काठ्या. आमच्या भागात बांबूला तोटा नाही, पण बांबू आणायचा म्हणजे डेपो आला, अर्ज आला आणि डेपोतल्या बाबूच्या जेवणाची सुट्टी आली. त्यापेक्षा नाल्याच्या काठानं सरळसोट काठ्या फुकट उभ्या होत्या. मी बारा तोडल्या आणि ओळीनं रोवल्या. निखाडेभाऊंनी भिंतीवरून मान काढली.

"भाऊ, हे तं बेशरम होय!"

शिवी नव्हती ती. त्या झाडाचं नावच बेशरम आहे. तोडा, फेका, उलटं पुरा, ते येतंच. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत.

"असू द्या," मी म्हणालो. "आधारालाच तर पाहिजे. मला कुठं काठीच्या शेंगा खायच्या आहेत?"

मिरगाच्या दोन दिवस आधी माय परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच भावाच्या घराचं सांगायला लागली. "शामरावनं नवं घर बांधलं रे. घर मस्त झालं, पन परसातली वाडी गेली अन् सेमही गेली. त्याची बायको पाकिटातलं बी आनते म्हने. आमच्या मायच्या सेमीची बी आता माह्याच जवळ हाय. त्याले म्हनलं, संक्रांतीले ये, नवी बी वाळली का मूठभर देतो." आणि तिचं लक्ष खुंटीकडे गेलं.

मी मोठ्या अभिमानानं डबा पुढं केला. काचेचा, झाकणाचा, वर चिठ्ठी लावलेला. मायनं एक बी उचललं, दाताखाली धरलं. कट्ट वाजलं आणि पीठ झालं.

"भाजली का रे?"

"नाही माय, ऊन दाखवलं."

"कोनाले?"

मी डब्यावरची चिठ्ठी तिच्याकडे वळवली.

"सारी?"

"सारी."

माय खाली बसली. तिनं मला बोल लावले असते, डबा फेकला असता, तर मला फार बरं वाटलं असतं. ती नुसतीच एकेक बी हातात घेऊन बोटांनी चाचपत होती. मला तेव्हा आपली मनापासून लाज वाटली, पण ती मी कोणाला दिसू दिली नाही. शेवटी तिनं त्यातल्या त्यात धड दिसणारं बी निवडलं आणि मिरगाला दर काठीच्या बुडाशी चार-चार टाकलं. पुढं रोज सकाळी चूळ भरायच्या आधी ती मागच्या दारी जाऊन उभी राहायची.

आठव्या-नवव्या दिवशी सुनंदाची आरोळी आली, "माय, या लवकर! फुटलं, फुटलं!"

गुडघे धरून चालणारी माझी माय धावली. मी तिच्याही आधी पोचलो. बाराही काठ्यांच्या बुडाशी हिरवीगार, टवटवीत पानं! मी डायरी आणली. भिंतीपलीकडे हाक मारून निखाडेभाऊंना बोलावलं. "बघा! तज्ज्ञ उगीच लिहितात का? संस्कार असतो बियाण्याला!" मी असं बरंच काही बोललो. सुनंदा हसत होती, मोगऱ्यानंतर पहिल्यांदाच.

माय वाकली. पानाखाली बोट घातलं. बोट देठावरून खाली खाली गेलं आणि काठीला जाऊन टेकलं.

"मधू," ती म्हणाली, "हे तं काठी फुटली रे."

बाराच्या बारा फुटल्या होत्या. एक काठी वाया गेली नव्हती! मायनं बोटानं माती उकरली. सेमीचं बी खाली होतं, काळं, मऊ पडलेलं. तिनं त्यावर पुन्हा माती सारली आणि हात पुसले. निखाडेभाऊंनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या माणसानं माझ्यावर केलेला हा सगळ्यात मोठा उपकार आहे.

हिवाळ्यापर्यंत बेशरम माझ्या डोक्याच्या वर गेलं. त्याला जांभळट फुलं आली, पुरवणीतल्या चित्रात शोभतील अशी. मी ते तीनदा उपटलं आणि तिन्ही वेळा ते आधीपेक्षा दाट आलं. पोस्टमननं मला विचारलंही, की साहेब, खत कोणतं टाकता?

संक्रांतीला शामराव मामा आले. मायचे धाकटे भाऊ, कुरखेड्याहून तीन गाड्या बदलून. येताना नवे तांदूळ आणले होते. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून एक छोटी कापडी पिशवी काढली. मामींनी बी ठेवायला मुद्दाम शिवून दिली होती, तोंडाला नाडी होती.

"आन बाई, मूठभर. आपल्या मायची सेम लावतो म्हनलं पुन्हा. स्लॅबवर कुंडीत लावीन."

मी दारात पेपर घेऊन उभा होतो. बोलायची वेळ माझी होती. पहिला शब्दही तयार होता.

"नाई रे शामराव," माय म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "माह्याच हातानं गेली. उन्हात ठेवली न उचलाचं ध्यानच नाई रायलं. म्हातारपन होय, आता काय करतं."

 मामांनी पिशवी दुमडून परत खिशात ठेवली. "जाऊ दे बाई. मुद्दाम केलं का तू?"

आणि मी पुढं झालो. घसा साफ केला आणि म्हणालो, "मामा, बियाण्याला ऊन दाखवायचं म्हणजे सकाळचं, कोवळं, फार तर दोन तास. त्यावर नाही!"

मामांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. "तुले बरंच समजते रे यातलं. बाईले सांगत जाय न जरा."

"सांगतो तर रोज मामा," मी म्हणालो, "पण ऐकते कुठं ती!"