धुऱ्यावरचा तट्टा

त्या दिवशी ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. आभाळ खाली आलं होतं आणि धानाच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी हलत नव्हतं. असा दिवस आला की रोवणीच्या गोष्टी निघतात, एकीला दुसरी चिकटून येते. मी सांगतो त्या माझ्या बायकोच्या, सगुणाच्या. हसू येईल तिथं हसा. तीही हसायची.

*

आमगावजवळ आम्ही मालगुजाराच्या बांधीत रोवणीला जायचो. आम्ही गडी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रोपांच्या पेंढ्या पुरवायचो, बाया वाकून लावायच्या. दर रोवणीत सगुणाला उन्हाळी लागायची. लघवीला आग, थेंब थेंब, मग थंडी वाजून ताप.

माझ्या आईनं उपाय सांगितला, "पाणीच कमी पी. जाणंच नाही पडलं त आग कायची होईल?"

सगुणानं ऐकलं. आठ दिवसांत अंथरुणाला लागली.

*

शेजारच्या भागरता काकीनं गोखरूचा काढा दिला, धन्याचं पाणी पाजलं. बरं वाटलं. पुढच्या रोवणीत पुन्हा तेच.

बाया म्हणायच्या, "सगुणे, तुह्या पोटात चूल पेटली का वो?"

"पेटली ना. या, भात टाका."

*

मग रेल्वेनं गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, "पानी खूब पीना. पेशाब रोकना मत."

सगुणा रोज सकाळी दोन लोटे पाणी पिऊन निघायची आणि दिवे लागेपर्यंत अडवून धरायची. तिसऱ्या दिवशी कंबर सरळ होईना. मी म्हटलं, "डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"त्याले विचारा, बांधीत झुडूप कुठं आहे?"

चारही बाजूंना पाणी, आणि धुऱ्यावर आम्ही गडी उभे. पिण्याच्या पाण्याचा माठ मीच वाहून न्यायचो. संध्याकाळी तो भरलेलाच परत यायचा. मला वाटायचं, बायांना तहान कमी.

*

मग मी दरेकशाच्या जंगलातला बांबू आणला, तट्टा विणला आणि धुऱ्याच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी आडोसा उभा केला. सकाळी मालगुजार आले. पाहून खूश झाले.

"वारा अडवाले चांगलं केलंस रे."

आत खाट टाकायला लावली आणि दिवसभर विडी ओढत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. आडोसा कशाला आहे ते त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून निघेना. मी हात जोडून उभा राहायचो, ते मान हलवायचे.

पाचव्या दिवशी सगुणा रोवता रोवता पाण्यातच बसली. या वेळी ताप उतरला नाही. पावसाचे दिवस, चितेची लाकडंही ओली होती.

*

तेरावं झालं, रोवणी अजून बाकी होती. आभाळ खाली आलं होतं तो हाच दिवस. मी गेलो आणि मालगुजारांची खाट उचलून बाहेर ठेवली.

"काऊन रे?"

"मालक, हे बायांचं लघवीला बसायचं ठिकाण आहे."

 ते छत्री उचलून घरी गेले. गड्यांना घेऊन मी पलीकडच्या बांधीत गेलो, बायांकडे पाठ करून.

संध्याकाळी तट्ट्याच्या दोऱ्या सोडायला बसलो. जिच्यासाठी विणला ती नव्हती, ठेवून काय करायचा? भागरता काकी चिखलाच्या हातांनीच जवळ आली. रिकामा माठ माझ्यापुढे ठेवला.

"सोडू नोको, बापू. माही सून आज तीनदा पाणी पिली."